'बिनशर्त' या शब्दाचा हिशेब

आजचा विषय 'आयर्लंडचं एकीकरण आणि आपण' असा जाहीर झाला होता. आत येताना दारातच एका काकांनी विचारलं, की छत्रपती संभाजीनगरात बसून आयर्लंडचं कोणाला काय पडलंय? प्रश्न रास्त आहे. खरं सांगायचं तर आम्हाला या विषयाकडे आयर्लंडने नेलं नाही, एका मराठी शब्दाने नेलं. तो शब्द म्हणजे 'बिनशर्त'.

दरवर्षी १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाची भाषणं होतात, तुम्हीही ऐकता, आम्हीही ऐकतो. त्यात एक वाक्य ठरलेलं असतं: मराठवाडा महाराष्ट्रात बिनशर्त सामील झाला. व्यासपीठावरचा माणूस सत्तेतला असेल तर हे वाक्य अभिमानाने येतं. विरोधातला असेल तर तेच वाक्य तक्रारीच्या सुरात येतं, 'आम्ही काही मागितलं नाही आणि आम्हाला काही मिळालं नाही'. शब्द तोच, सूर दोन. एखाद्या शब्दावर दोन्ही बाजू इतक्या खुशीने राहतात तेव्हा तो जरा उलटून बघावा असं आम्हाला वाटतं.

इतिहास तुम्हाला ठाऊक आहे, त्यामुळे पटकन जातो. सप्टेंबर १९४८मध्ये निजामाचं राज्य संपलं. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे हैदराबाद राज्यातच राहिले. स्वामी रामानंद तीर्थांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाषेच्या आधारावर हैदराबादचे तुकडे करा असा आग्रह धरला. १ नोव्हेंबर १९५६ला आपण द्विभाषिक मुंबई राज्यात आलो आणि १ मे १९६०ला महाराष्ट्रात. एका माणसाच्या हयातीत तीन राज्यं झाली, गाव मात्र जागचं हललं नाही.

आता कागद बघू. २८ सप्टेंबर १९५३चा नागपूर करार. हा विदर्भाचा करार अशी आपली समजूत आहे, कारण नागपूरचं अधिवेशन आणि नागपूरचं खंडपीठ त्यात आहे. पण करार वाचला तर त्यात मराठवाडा ठळकपणे सापडतो. निधीचं वाटप लोकसंख्येच्या प्रमाणात व्हावं, आणि मराठवाड्याच्या मागासलेपणाकडे विशेष लक्ष द्यावं, असं त्यात म्हटलंय. नोकऱ्या आणि शिक्षण यांतही प्रमाण पाळायचं आहे. या सगळ्याचा अहवाल दरवर्षी विधानसभेसमोर ठेवायचा आहे. सह्यांमध्ये आपल्या भागातल्या देवीसिंग चौहानांची सही आहे. मग बिनशर्त कसं? शर्ती होत्या, लिहिलेल्या होत्या, सही केलेल्या होत्या. स्मरणात मात्र 'बिनशर्त' राहिलं, कारण शर्तीची आठवण ठेवणं सत्तेतल्यांना गैरसोयीचं होतं आणि विरोधकांना विनामोबदला त्यागाची गोष्ट जास्त आवडत होती.

पण आमचा खरा आक्षेप याच्याही पुढचा आहे. हा करार कोणाचा कोणाशी? सह्या करणारे जवळजवळ सगळे एकाच पक्षाचे नेते. तीन प्रदेशांतले काँग्रेसचे लोक एकत्र बसले आणि एकमेकांना शब्द दिला. एका घरातल्या भावांनी कागदावर वाटणी लिहिली, पण नोंदणी केली नाही, तसं झालं. शब्द मोडला तर जायचं कुठे? पक्षाच्या बैठकीत. आणि पक्षाच्या बैठकीत मुख्यमंत्री कोण आहे यावर सगळं ठरतं.

शिवाय वाक्यरचना बघा. निधीच्या कलमाच्या सुरुवातीलाच एक अट बसवली आहे: एकाच सरकारच्या गरजांच्या अधीन राहून. तीन वर्षांनी, १९५६च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१(२) आला. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी स्वतंत्र विकास मंडळं आणि निधीचं न्याय्य वाटप यांसाठी राज्यपालांवर विशेष जबाबदारी टाकायची तरतूद त्यात आहे. तिथेही तेच शेपूट, राज्याच्या एकूण गरजा लक्षात घेऊन. 'एकूण गरजा' कोण ठरवणार? ज्याच्याकडून हिस्सा मागायचा तोच. आणि दुसरं, राष्ट्रपती अशी जबाबदारी देऊ 'शकतील' असं अनुच्छेद म्हणतो, देतील असं म्हणत नाही. या 'शकतील'ला किती वर्षं लागली? १९५६ ते १९९४. अडतीस वर्षं. मंडळं आली, मुदतवाढीवर जगली आणि ३० एप्रिल २०२०ला त्यांची मुदत संपली. तेव्हा करोनाची टाळेबंदी होती, कोणाचं लक्ष नव्हतं. २०२२मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पुनर्गठनाचा निर्णय घेतला, पण एकदा मुदत संपू दिली की काय होतं ते आपण सगळ्यांनी बघितलंय.

(मागून प्रश्न: म्हणजे शर्ती पक्क्या लिहिल्या असत्या तर चित्र वेगळं असतं का?)

चांगलं विचारलंत. याचं उत्तर आपल्या शेजारीच आहे. १ नोव्हेंबर १९५६ला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले, एका आईची तीन लेकरं तीन घरी गेली. तेलंगणाने २० फेब्रुवारी १९५६ला आंध्रच्या नेत्यांशी लेखी करार केला. त्याला नावच सभ्य गृहस्थांचा करार. त्यात कलमं चांगली होती. तेलंगणाचा उरलेला महसूल तेलंगणातच खर्च करायचा, मुलकी नियम पाळायचे, मुख्यमंत्री एका भागाचा तर उपमुख्यमंत्री दुसऱ्या भागाचा. पाळलं गेलं नाही. १९६९मध्ये आंदोलन पेटलं, तेलंगणाची शिल्लक किती होती हे मोजायला समित्या नेमाव्या लागल्या, आणि शेवट २ जून २०१४ला झाला, वेगळ्या राज्याने.

तिसरं लेकरू बीदर, गुलबर्गा, रायचूर. ते म्हैसूर राज्यात गेलं आणि साधारण आपल्यासारखंच मागे पडलं. पण २०१२मध्ये संसदेने ९८वी घटनादुरुस्ती मंजूर केली आणि त्यांना अनुच्छेद ३७१-ञ मिळाला. त्यात मंडळ आहे, विधानसभेसमोर वार्षिक अहवाल आहे, आणि त्यापुढे जाऊन शिक्षणात आणि सरकारी नोकऱ्यांत त्या भागातल्या रहिवाशांसाठी जागांची तरतूद आहे. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके १९५६पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. आज उदगीरच्या मुलाला ३७१(२)मधलं 'न्याय्य वाटप' आहे आणि बीदरच्या मुलाला जागा आहे. दोघांच्या आजोबांचा जिल्हा एकच होता.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं, की शर्त लिहिली होती की नव्हती याने फार फरक पडलेला दिसत नाही. तेलंगणाकडे भरपूर शर्ती होत्या, तरी ते फसले. बीदर-गुलबर्ग्याला सुरुवातीला काही नव्हतं, छप्पन्न वर्षांनी मिळालं. शर्त मोडल्यावर दाद कुठे मागायची आणि किती दिवसांत, हा प्रश्न तिन्ही घरी १९५६मध्ये कोणी विचारला नाही.

आणि इथे आयर्लंड येतं. तिकडची गोष्ट थोडक्यात. १९२१मध्ये बेटाची फाळणी झाली, उत्तरेचे सहा परगणे ब्रिटनमध्ये राहिले. तीस वर्षांच्या हिंसाचारानंतर १० एप्रिल १९९८ला गुड फ्रायडे करार झाला. त्यावर सीमेच्या दोन्ही बाजूंना जनमत घेतलं, उत्तरेत ७१ टक्के लोकांनी होकार दिला, दक्षिणेत ९४ टक्के. त्या करारात एकीकरणाचा रस्ता लिहून ठेवलाय: उत्तरेत बहुमत एकीकरणाच्या बाजूने जाईल असं दिसलं तर ब्रिटिश मंत्र्याने जनमत घ्यायचं, एकदा घेतलं तर पुन्हा किमान सात वर्षांनी. बहुमत 'जाईल असं दिसलं' म्हणजे काय, हे तिथेही कोणी स्पष्ट केलेलं नाही. त्यांच्याकडेही आपल्या 'एकूण गरजां'सारखं एक ढिलं बटण आहे. पण एक गोष्ट त्यांनी घट्ट शिवली. उत्तरेत जन्मलेल्या माणसाला ब्रिटिश, आयरिश किंवा दोन्ही नागरिकत्वं घेता येतात, आणि उद्या सत्ता बदलली तरी हा हक्क बदलणार नाही. शिवाय करार दोन देशांच्या सरकारांमधला आहे. एका पक्षाच्या बैठकीतला नाही.

गंमत अशी, की १९८४च्या एकाच वसंतात डब्लिनमध्ये आणि मुंबईत याच जातीचे दोन अहवाल आले. तिकडे न्यू आयर्लंड फोरमचा, मे महिन्यात. त्याने तीन आराखडे मांडले: एकसंध राज्य, संघराज्य, किंवा दोन्ही सरकारांचा संयुक्त अधिकार. इकडे एप्रिलमध्ये वि. म. दांडेकर समितीचा. फोरमने विचारलं, एकत्र कसं राहायचं. दांडेकरांनी विचारलं, कोणाचं किती बाकी आहे. आपल्या इकडची पुढची चाळीस वर्षं या दुसऱ्या प्रश्नात गेली.

दांडेकरांबद्दल आदर ठेवूनच बोलतो, इतकं स्वच्छ काम सरकारी समितीकडून क्वचित होतं. त्यांनी प्रत्येक क्षेत्रात राज्याची सरासरी काढली, जिल्हा तिच्या खाली किती आहे ते बघितलं, आणि ती दरी भरायला किती रुपये लागतील ते लिहिलं. एकूण अनुशेष ३,१८६ कोटी ७८ लाख, त्यात मराठवाड्याचा ७५० कोटी ८५ लाख, म्हणजे साधारण २३.५ टक्के. दहा वर्षांनी, १ एप्रिल १९९४च्या स्थितीवर निर्देशांक व अनुशेष समितीने पुन्हा मोजलं तर एकूण १४,००६ कोटींच्या वर, आणि मराठवाड्याचा ४,००४ कोटींच्या वर. म्हणजे २८.५ टक्के. महागाईमुळे रुपये वाढले हे समजू शकतो, पण आपला हिस्साही वाढला. सरासरी हे हलतं लक्ष्य आहे. तुम्ही दोन पावलं चालता तेव्हा पुणं चार पावलं चालतं, आणि सरासरी पुण्याबरोबर सरकते.

याहून मोठी अडचण म्हणजे अनुशेषाच्या हिशेबाने आपल्या बोलण्याची भाषाच बदलून टाकली. आमच्या पिढीत मराठवाड्यावर बोलणं म्हणजे आकडा म्हणणं. पण एखाद्या प्रदेशाचा जमाखर्च त्या प्रदेशाचा खरा स्वभाव सांगतो का? राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५मध्ये विदर्भाचं वेगळं राज्य सुचवलं, तेव्हा एक कारण होतं की विदर्भ आर्थिकदृष्ट्या स्वतःच्या पायावर उभा राहील. एकोणतीस वर्षांनी दांडेकरांच्या तक्त्यात त्याच विदर्भाचा अनुशेष ३९ टक्के, सगळ्यांत मोठा. माती तीच, कापूस तोच.

आयर्लंडमध्ये याचा आरसा दिसतो. १९२१मध्ये बेलफास्ट म्हणजे जहाजबांधणी आणि लिननच्या गिरण्या, श्रीमंत औद्योगिक उत्तर. तेव्हाचा आर्थिक युक्तिवाद असा, की गरीब शेतकरी दक्षिणेचं ओझं आम्ही का उचलू? आज तक्ता उलटलाय. आता दक्षिण विचारते, उत्तरेचं ओझं आम्ही का उचलू? लंडनहून उत्तर आयर्लंडला दरवर्षी १० अब्ज पौंडांच्या आसपास भरणा होतो. २०२४मध्ये जॉन फिट्झजेराल्ड आणि एडगर मॉर्गनरोथ यांनी हिशेब मांडला की एकीकरणाचा खर्च वर्षाला ८ ते २० अब्ज युरो येईल. जॉन डॉयल यांच्यासारखे अभ्यासक म्हणतात, त्यातले बरेच आकडे काढा: आधी कमावलेली पेन्शन लंडनने द्यावी, ब्रिटनच्या जुन्या कर्जाचा हप्ता आणि लष्कराचा खर्च नव्या राज्याने का द्यावा? मग खर्च कितीतरी खाली येतो. वही एकच, पण कोणती ओळ कोणाच्या नावावर टाकायची यावर अब्जावधी हलतात. आणि ती ओळ शेवटी वाटाघाटीत ठरणार, कारण कोणतंही गणित ती आपोआप ठरवत नाही.

आमचं म्हणणं एवढंच, की असा हिशेब लागतोच, पण आपण त्याच्याकडून भलत्या प्रश्नाचं उत्तर मागतो. एकत्र राहावं की नाही हे त्यातून निघत नाही.

पाण्याचं घ्या. जायकवाडीची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली, उद्घाटन १९७६मध्ये इंदिरा गांधींनी केलं. अनुशेषाच्या वहीत धरण बांधलं, कालवा खोदला, की सिंचन क्षमता 'निर्माण' झाली. क्षमता निर्माण होते, पाणी निर्माण होत नाही. वर नाशिक आणि नगरची धरणं भरल्याशिवाय पैठणला पाणी येत नाही. आता एक विचित्र गोष्ट ऐका. १९८०च्या गोदावरी पाणीतंटा लवादाने पैठणपर्यंतचं सगळं पाणी महाराष्ट्राला दिलं. दोन राज्यांत भांडण होतं तेव्हा लवाद बसला, न्यायमूर्ती बसले, निवाडा आला. पण ते पाणी महाराष्ट्रात आल्यावर नाशिक, नगर आणि मराठवाडा यांच्यात कसं वाटायचं, याला लवाद नाही, कारण आपण एकाच घरातले! वेगळं राज्य असतो तर लवादासमोर वकील उभा केला असता. एकत्र होतो म्हणून पत्र लिहीत बसलो. हे चित्र बदललं ते २००५च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्याने, मग २०१४च्या प्राधिकरणाच्या आदेशाने, आणि सप्टेंबर २०१६मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाने. समन्यायी वाटप हा शब्द त्यानंतर भाषणातून कायद्यात आला. मेंढेगिरी समितीच्या सूत्राप्रमाणे १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरून सोडायचं. दरवर्षी त्यावर भांडण होतं, ते होऊ द्या. भांडायला तारीख आहे, टक्का आहे, आणि जायला जागा आहे. आमच्या मते १९५६पासून मराठवाड्याला महाराष्ट्राकडून मिळालेल्या गोष्टींत ही सगळ्यांत पक्की आहे. तिची किंमत अनुशेषाच्या कोणत्याही तक्त्यात नाही.

त्याच २०१६ सालात महाधिवक्ता श्रीहरी अणे यांनी जालन्यात स्वतंत्र मराठवाड्याच्या बाजूने वक्तव्य केलं, विधिमंडळात गदारोळ झाला आणि मार्चमध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. पुढच्याच महिन्यात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. तुमच्यातल्या काहींनी ते दहा डबे पाहिले असतील. एकतेच्या बाजूने बोलणारा म्हणतो, बघा, महाराष्ट्र होता म्हणून मिरजेचं पाणी आलं. विरोधात बोलणारा म्हणतो, साठ वर्षं महाराष्ट्रात राहून लातूरला पाणी रेल्वेने आणावं लागलं. दोघंही खरं बोलतात. पण अण्यांच्या वक्तव्यावरची चर्चा आम्ही तेव्हा वाचली तर नव्वद टक्के निष्ठेची होती, अखंड महाराष्ट्राचा अपमान वगैरे. वेगळं झाल्यावर वरची धरणं नाशिक-नगरकडे जातील आणि आपण खालच्या राज्याचे म्हणून लवादात उभे राहू, त्यात फायदा की तोटा, हे कोणी मांडलं नाही. आम्ही स्वतः वेगळ्या राज्याच्या बाजूचे नाही. पण तो प्रश्न विचारणाऱ्याला राजीनामा द्यायला लावणं हे एकतेच्या बाजूचं सगळ्यांत कमजोर उत्तर होतं. तिकडे आयर्लंडमध्ये हाच प्रश्न विचारायची सोय करारातच आहे.

आणखी एक, कारण आपल्या बाजूची चूकही सांगायला हवी. प्रदेशनिहाय संरक्षण नेहमी आपल्या फायद्याचंच असतं असं नाही. वैद्यकीय प्रवेशांत ७०:३० हे सूत्र होतं, सत्तर टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांना. दिसायला हे नागपूर कराराच्या भावनेतलंच. पण मराठवाड्यात महाविद्यालयं कमी, जागा कमी, आणि लातूर-नांदेडच्या शिकवण्यांतून बाहेर पडणारी मुलं भरपूर. जास्त गुण मिळवूनही आपली मुलं बाहेर राहत होती. सप्टेंबर २०२०मध्ये ते सूत्र रद्द झालं, मागणी आपलीच होती. म्हणजे त्याच वर्षी एप्रिलमध्ये विकास मंडळ गेलं म्हणून आपण रडलो आणि सप्टेंबरमध्ये विभागाची भिंत पडली म्हणून पेढे वाटले. यात विसंगती नाही. कुठली भिंत कोणाला अडवते हे दर वेळी नव्याने बघावं लागतं.

(प्रश्न: सर, रेल्वेचं काय?)

हा प्रश्न या शहरात प्रत्येक व्याख्यानात येतो, विषय कोणताही असो! निजामाच्या काळात आपला मार्ग काचीगुडा-मनमाड होता, मीटर गेज. रूळ रुंद व्हायला नव्वदचं दशक उजाडलं. आणि आज, १९५६ला सत्तर वर्षं होत आली तरी आपला नांदेड विभाग दक्षिण मध्य रेल्वेत आहे, मुख्यालय सिकंदराबाद. राज्य बदललं, उच्च न्यायालय बदललं, १९८१मध्ये खंडपीठही इथे आलं, पण संभाजीनगरच्या फलाटाचा साहेब अजून तिकडेच बसतो. कुणबी नोंदी शोधायच्या वेळीही न्यायमूर्ती शिंदे समितीला जुने कागद बघायला हैदराबादलाच जावं लागलं.

पुढच्या व्याख्यानात १९८०चा लवादाचा निवाडा घेऊ, त्यातलं पैठणचं कलम. कोणाच्या घरी जुना जायकवाडी संपादनाचा कागद असेल, भूमी गेल्याची नोटीस वगैरे, तर येताना घेऊन या. झेरॉक्स चालेल.